बाजूला काढलेला गोळा

मशीन टेम्पोत चढत असताना मावशी घराबाहेर आली नाही. कणीक मळायचं ते जड मशीन काकांनी, मी आणि शेजारच्या सुतारानं फळ्यांवरून ढकलत वर नेलं आणि दोरांनी करकचून बांधलं. सगळं झाल्यावर मी हाक मारली तेव्हा ती पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन आली, खिडकीशी बसली आणि बेकरीच्या बंद दाराकडे न बघता म्हणाली, "चला."

मी टेम्पो चालवत होते. मधे काका.

मावशीची बेकरी म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. तिच्या पावासाठी लोक सकाळी अंघोळीच्या आधी येत. पाव फुगवायला ती बाजारातलं यीस्ट वापरत नसे. चिनीमातीच्या एका बरणीत तिचं खमीर असायचं, पीठ आणि पाण्याचं पातळसर, फसफसणारं. त्यातलं थोडं कणकेत घालायचं आणि बरणीत उरलेल्याला नवं पीठ-पाणी खाऊ घालायचं. दह्याच्या विरजणासारखंच, फक्त जास्त हट्टी. ज्या बाईंच्या हाताखाली मावशी पाव शिकली, त्यांनी आपलं दुकान मिटवताना ती बरणी तिच्या ओटीत दिली होती. लहानपणी मी त्या बरणीला कान लावून बसायचे. आत बुडबुडे फुटायचे, त्यांचा बारीक आवाज यायचा. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, त्यात या आवाजाचा वाटा बराच असावा.

उन्हाळ्यात मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना काकांनी मनावर घेतलं, की ती घरी येईल तेव्हा बेकरी लखलखीत दिसली पाहिजे. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. शहराच्या टाक्या धुऊन घेणं आणि त्यांत ब्लीचिंग पावडर टाकून घेणं, यातच त्यांची नोकरीची वर्षं सरली. त्यांनी जमीन घासली, ओटा घासला, जाळ्या काढल्या. मग कोपऱ्यात त्यांना एक आंबूस वासाची, काठाला पापुद्रे धरलेली बरणी दिसली. लग्न झाल्यापासून ते तो पाव खात होते, पण तो होतो कसा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मावशीनंही त्यांना भट्टीजवळ फिरकू दिलं नव्हतं. त्यांनी बरणी मोरीत रिकामी केली. उकळत्या पाण्यानं धुतली. खात्री असावी म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवली, उन्हात वाळवली आणि फडताळावर मधोमध मांडली. मावशी घरी आल्यावर त्यांनी तिला हाताला धरून नेलं आणि म्हणाले, "बघ, आरशासारखी झालीय!"

मावशी बघत राहिली. मग म्हणाली, "हो. छान निघालीय."



मी नवं खमीर करून दिलं. पीठ-पाणी उघड्यावर ठेवून ते जागं करणं मला अवघड नव्हतं, आणि शास्त्राच्या दृष्टीनं त्यात काही उणं नव्हतं. मावशीनं त्याचा पाव भाजला, तुकडा मोडून सावकाश चावला. "चांगला झालाय. कुणाचा तरी आहे," म्हणाली आणि भट्टी विझवली. त्यानंतर तिनं मशीन विकायला काढलं. घाटापलीकडच्या शहरातल्या एका हॉटेलवाल्यानं ते घ्यायचं कबूल केलं. चालवून दाखवायला स्वतः या, असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून मावशीही बरोबर होती.

गाडीत दोघं एकमेकांशी इतकी गोड बोलत होती, की माझ्या अंगावर काटा येत होता.

"ऊन लागतंय का तुम्हाला?" मावशी विचारी.

"नाही, नाही. तुला हवं तर जागा बदलू."

"नको हो. बसा तुम्ही आरामात."

मी कॉलेजची वर्षं यांच्या घरात काढली आहेत. तिथे चहात साखर कमी पडली तरी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. काका वर्तमानपत्राची पानं उलटसुलट ठेवतात यावरून दोघं जेवण होईपर्यंत भांडायची आणि मग एकाच ताटलीत फळं कापून खायची. हे "नको हो, बसा हो" मला परक्यांच्या घरी आल्यासारखं वाटत होतं.

पेट्रोल पंपावर मावशी तोंडावर पाणी मारायला गेली, तेव्हा काकांनी माझा दंड धरला.

"तुला काही सुचतंय का? तू शिकलेली आहेस."

"कशाबद्दल, काका?"

"मशीन गेलं म्हणजे संपलं गं. ती परत भट्टी पेटवायची नाही. आणि मला एका शब्दानं बोलत नाही. तिनं एकदा मला झापायला हवं. चांगलं, सणसणीत. मी वाट बघतोय केव्हाची." त्यांनी नाक शिंकरलं. "काल मी मुद्दाम वर्तमानपत्र उलटं ठेवलं. तिनं सरळ करून ठेवलं आणि मला चहा दिला!"

सूक्ष्मजीवांबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पुढे पुलाचं काम चालू होतं. रस्ता अडवलेला होता आणि एक पाटी शेतांकडे बोट दाखवत होती. वळणाचा तो रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उभं पीक, मधून मधून विहिरी. मी खड्डे चुकवत हळू जात होते. काचा उघड्या होत्या. मावशी एकाएकी ताठ झाली.

"थांबव."

"काय झालं? दुखतंय का?"

"थांबव म्हणते ना! कुणाची तरी कणीक हाताबाहेर चाललीय."

मला आधी फक्त धुराचा वास आला. मग त्याखालचा दुसरा लागला, आंबट, जरासा दारूसारखा. कणीक गरजेपेक्षा जास्त फुगली की असा वास सुटतो. मावशी दार उघडून उतरलीसुद्धा होती. झाडांच्या मागे पत्र्याच्या छपराचं एक बसकं घर होतं. धुराडं होतं, दारावर खडूनं "पाव" लिहिलेलं होतं. एवढीच बेकरी.

"कुणी आहे का?" मावशी दारातून ओरडली.

"आहे!" आतून पुरुषाचा आवाज आला. "पण उठता येत नाही! देवासारख्या आलात, आत या!"

आत एक उंच, किडकिडीत माणूस जमिनीवर पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर उताणा पडला होता. सकाळी पोतं उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली होती आणि तेव्हापासून तो तिथेच होता. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला, बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, गिऱ्हाईक दुपारनंतर येणारं. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता, आणि तो पडल्या पडल्या छत बघत होता. मी आधी फोन आणून त्याच्या हातात दिला. त्यानं मेव्हण्याला फोन करून गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं. मेव्हणा लांबच्या बाजारात होता, त्याला यायला वेळ लागणार होता.

"माझं सोडा," बेकरीवाला म्हणाला, "ती बघा."

'ती' म्हणजे कणीक. भिंतीशी एक भलीमोठी लाकडी काठवट होती आणि तिच्यावरचं फडकं पोटासारखं फुगून वर आलं होतं. एका बाजूनं कणीक काठावरून लोंबत होती. भट्टीत निखारे बाजूला सारलेले होते, दगड तापून पांढरे पडले होते. सगळं तयार होतं, फक्त हात नव्हते.

"गेली वाया," बेकरीवाला म्हणाला. "दिवसाचा माल गेला. टाकून द्या तिकडे उकिरड्यावर, निदान वास तरी जाईल."

मावशी काठवटीपाशी उभी होती. तिनं पर्स काकांच्या हातात दिली. फडकं बाजूला केलं आणि कणकेत एक बोट खुपसलं. खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला.

"गेलेली नाही. जायच्या बेतात आहे," ती म्हणाली. "पाणी कुठेय? हात धुते. शास्त्रज्ञबाई, तूही धू. ओट्यावर पीठ भुरभुर, जास्त नको."

"ताई, तुम्हाला येतं?" बेकरीवाल्यानं मान वळवायचा प्रयत्न केला आणि कळवळला.

"तुम्ही पडून राहा गप."

ऑपरेशननंतर मी मावशीला पहिल्यांदा त्या आवाजात बोलताना ऐकलं.

तिनं कणकेवर मुठी दाबल्या तेव्हा सुस्कारा सोडावा तशी कणीक खाली बसली. मग मावशीचा वेग सुरू झाला. ती गोळे तोडत होती, प्रत्येकाला ओट्यावर तळहाताखाली दोन फेरे देत होती आणि माझ्याकडे सरकवत होती. मी ते फळीवर ओळीनं मांडून वर ओलं फडकं टाकत होते. पलीकडून बेकरीवाला पडल्या जागेवरून सूचना देत होता. "भट्टीत डाव्या हाताला जास्त ताव लागतो हं! मधे ठेवा!"

"दिसतंय मला."

"दाराशी ठेवलेले कच्चे राहतात!"

"दादा, भट्टीचं तोंड माझ्याकडे आहे, तुमच्याकडे फक्त छत आहे. छताबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा."

"छत गळतं," तो म्हणाला.

मावशी हसली. मी हातातलं पीठ तसंच धरून तिच्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं. ते पर्स पोटाशी धरून दारात उभे होते, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नको हो," मावशीचा आवाज पुन्हा मऊ झाला. "तुम्ही बसा."

पहिली खेप भट्टीत गेली. लांब दांड्याच्या फळीवर पाव ठेवायचा, आत सरकवायचा आणि फळी झटकन मागे घ्यायची. ते माझ्याकडे होतं. पहिला पाव मी तिरपा घातला, दुसरा बरा गेला. भट्टीचं दार लावलं आणि थोड्या वेळात खोलीतला आंबट वास मागे पडून भाजलेल्या पिठाचा वास पसरला. बेकरीवाला डोळे मिटून तो घेत होता. "आली," एवढंच पुटपुटला.

पाव बाहेर आले. थोडे चपटे होते, पण सालीचा रंग झकास उतरला होता. मावशीनं एक उचलून बुडाशी टिचकी मारली, कान लावला आणि समाधानानं खाली ठेवला. दुसरी खेप मी एकेक करून आत घालू लागले. काठवट आता रिकामी होती. तिच्या तळाला आणि काठांना कणकेचे धागे चिकटून सुकायला लागले होते.

काकांना बसवेना. रिकामं, खरकटं भांडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, हे आम्हाला माहीत आहे. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, भट्टीच्या कठड्यावर तापत असलेलं पाण्याचं पातेलं फडक्यानं धरलं आणि काठवटीजवळ आले. मी फळीवर शेवटचे पाव घेत होते, मावशीची त्यांच्याकडे पाठ होती. पातेलं कलंडायच्या बेतात होतं.

आणि तसंच राहिलं. काका वाफेत तोंड घालून उभे होते.

"अगं," ते घाबरत म्हणाले, "धुऊ का हे? का यातलं काही ठेवायचं असतं?"

मावशी वळली. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग काठवटीकडे, मग ओट्याकडे. बरणी कुठेच दिसेना.

"दादा," तिनं विचारलं, "तुमच्या खमिराची बरणी कुठेय?"

"बरणी कसली? मी बरणी ठेवत नाही. आजच्या कणकेतला गोळा काढून ठेवायचा, उद्याच्या कणकेत तो घालायचा. आमच्याकडे आजोबांपासून असंच." त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. "काढलाय ना?"

मावशीचे डोळे भट्टीकडे गेले.

"ताई? काढलाय ना गोळा?"

मावशीनं आयुष्यभर बरणीतून खमीर घेतलं होतं. तिच्याकडे कणीक सगळीच्या सगळी भट्टीत जायची, मागे बरणी असायची. गोळा काढायची सवय तिच्या हाताला नव्हतीच. आणि बेकरीवाल्याच्या डोक्यात आलं नव्हतं, की हे कुणाला सांगावं लागेल.

"थांब!" मावशी माझ्यावर ओरडली.

शेवटचा पाव फळीवर होता आणि फळी भट्टीच्या तोंडात. मी ती इतक्या जोरात मागे ओढली, की पाव घसरून ओट्यावर उलटा पडला. मावशीनं तो दोन्ही हातांनी झाकला. वरून कोमट झाला होता, आतून थंड, ओला, जिवंत. तिनं वरची बाजू खरवडून टाकली, उरलेला गोळा केला, पिठात घोळवला आणि एका वाडग्यात ठेवून झाकला.

"काढला," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "काढलाय गोळा. आहे."

"मग ठीक," तो म्हणाला. "घाबरवलंत."

मावशी ओट्याला टेकली. काका अजून पातेलं धरून उभे होते.

"आत्ता विचारलंत," ती हळू म्हणाली.

"अं?"

"आत्ता विचारलंत होय! धुऊ का म्हणून!" आवाज चढायला लागला. "तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल? गहाण ठेवली होती? एक फोन करता आला नाही? मी दवाखान्यात होते, परदेशात नव्हते! वास येत होता म्हणे! वास तुमच्या मोज्यांनाही येतो, ते कधी उकळलेत का? आणि ब्लीचिंग पावडर! माझ्या बरणीत! गावाची टाकी होती का ती? आणि वर मला आणून दाखवता, आरशासारखी झालीय! टाके पडले होते माझ्या पोटाला, नाहीतर तिथेच आरसा दाखवला असता तुम्हाला!"

"बरोबर आहे," काका म्हणाले.

"बरोबर आहे काय बरोबर आहे! मधे बोलू नका! आणि ते पातेलं खाली ठेवा, हात भाजून घ्याल आणि मग मलाच करावं लागेल सगळं! वर्तमानपत्र उलटं ठेवता मुद्दाम! मला कळत नाही का?"

काकांनी पातेलं खाली ठेवलं. ते मान खाली घालून उभे होते, पण बक्षीस समारंभात नाव पुकारल्यावर एखादा उभा राहील तसे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मावशी त्यांच्या टाक्या, त्यांचं खातं, त्यांचा घासायचा ब्रश असं एकेक घेत गेली आणि मधेच तिचाही आवाज फुटला. रडता रडता तिनं पदरानं आधी काकांच्या नाकावरचं पीठ पुसलं.

जमिनीवरून चमत्कारिक आवाज आला. बेकरीवाला हसत होता आणि कण्हत होता.

"ताई, बास करा हो! हसलं की कळ जाते पार टाचेपर्यंत!"

दुसरी खेप बाहेर काढेपर्यंत मावशीनं त्याला सगळं सांगितलं, बरणीपासून मशीनपर्यंत. आम्ही त्याला पाठीशी पोती लावून थोडं वर केलं होतं. त्यानं गरम पाव फोडला, अर्धा मावशीला दिला. तिनं तो बराच वेळ चावला. काका तिच्या तोंडाकडे बघत होते. मीही.

"माझ्यापेक्षा आंबट आहे," ती म्हणाली. "मीठ कमी घालता तुम्ही."

"महाग झालंय."

"उगाच काही सांगू नका."

त्यानं वाडग्याकडे बोट केलं. "निम्मा तुम्ही न्या."

"नको. तो तुमचा आहे. आजोबांपासूनचा."

"माझा कसला? आज सगळी कणीक तुमच्या हाताखालून गेली. हाताचं काही लागत असेल की नाही तिला?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. परीक्षेत विचारतात तसं.

"लागतं," मी म्हणाले. "खरंच लागतं, मावशी. मळणाऱ्याच्या हातावरचे जीव कणकेत जातात, कणकेतले हातावर येतात. तुझ्या हातावर अजून बरणीतलं काही असेल तर तेही गेलं असेल त्यात. किती, ते मी सांगू शकत नाही."

"असेल, म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही."

तिनं आपले तळहात उलटसुलट करून बघितले. मग सुरी घेतली, गोळ्याचे दोन भाग केले, आणि मोठा बेकरीवाल्याच्या वाडग्यात परत ठेवला. धाकटा त्यानं दिलेल्या पत्र्याच्या डब्यात गेला.

मेव्हणा आला आणि बेकरीवाल्याला उचलून गाडीत घालेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हॉटेलवाला होता. काका चाचरायला लागले, तेव्हा मावशीनं तो त्यांच्या हातातून घेतला.

"हो, मीच बोलतेय. नाही, येत नाही आम्ही. मशीन विकायचं नाही. नाही हो, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. आमच्या ह्यांनी माझ्या खमिराची बरणी धुतली होती. बरणी, बरणी! ब्लीचिंग पावडरनं." ती ऐकत राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. "काय सांगता! तुमच्या बायकोनं लोखंडी तवा? साबणानं? अरेरे."

टेम्पो मी आल्या वाटेनं वळवला. मागे मशीन दोरांना ताण देत करकरत होतं. काका पुन्हा मधे बसले होते, मांडीवर डबा.

"झाकण घट्ट लावू नका."

"नाही लावलंय."

"दाबू नका त्याला."

"अगं, मी नुसता धरलाय!"

"उन्हात धरलाय. सावलीत धरा."

"गाडी वळली की सावली वळते, त्याला मी काय करू?"

"रुमाल टाका वर."

काकांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि थबकले. "हा धुतलेला नाही."

"मग तर तोच टाका," मावशी म्हणाली.